नोटेवरचा लाल डाग

साल 1986. जूनचा पहिला आठवडा. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच उरकला होता आणि पाऊस अजून यायचा होता. ब्रह्मपुरीच्या आमच्या शाखेत रोकड विभाग माझ्याकडे येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. अकराच्या सुमारास कॅशियरने मला पिंजऱ्यातून हाक मारली. टेबलावर नोटांची एक लहानशी चळत पडलेली होती आणि तो तिला हात न लावता पेन्सिलीच्या टोकाने एकेक नोट उलटत होता.

पाचाच्या, दहाच्या नोटा. पाचाच्या नोटेवर तेव्हा ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी असे. त्या शेतकऱ्याच्या अंगावर, ट्रॅक्टरच्या चाकांवर, नोटेच्या कोऱ्या पांढऱ्या खिडकीवर तांबडे-विटकरी डाग पसरले होते. काही ठिकाणी ठिपके, काही ठिकाणी ओघळ. "साहेब, रक्त," कॅशियर हलक्या आवाजात म्हणाला.

काउंटरपलीकडे एक म्हातारी बाई उभी होती. वैनगंगेपलीकडच्या गावातून आली होती. गावातला दुकानदार हे पैसे घेत नाही, म्हणून कोणीतरी तिला बँकेचा रस्ता दाखवला होता. रक्कम तीनशे चाळीस रुपये. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. पलीकडच्या जंगलातून नक्षलवाद्यांच्या बातम्या येत आणि दर बातमीमागे दहा अफवा येत. मी सत्तावीस वर्षांचा होतो. व्यवस्थापक बैठकीसाठी चंद्रपूरला गेले होते. मी तिला बाकावर बसायला सांगितले आणि नोटा एका लिफाफ्यात घालून माझ्या खणात ठेवल्या.

ती तीन वाजेपर्यंत त्या बाकावर बसून होती. मध्ये दोनदा उठून आली. "काजी साहेब, माहे पैसे खोटे हायेत का?" मी म्हणालो, तपासणी चालू आहे. खरे तर काहीच चालू नव्हते. पोलीस ठाण्यात कळवावे की न कळवावे, या विचारात मी घड्याळाकडे पाहत होतो.

तीन वाजता आमचा दफ्तरी टपालाचे काम आटोपून परतला. त्याने लिफाफा उघडला, एक नोट नाकाजवळ नेली आणि हसला. "हे रगत नोहे साहेब, हरद हाय." शेजारच्या टपरीवरून त्याने अर्धे लिंबू आणले आणि त्याचा एक थेंब नोटेच्या कोपऱ्यावरच्या लाल डागावर टाकला. माझ्या डोळ्यांदेखत तो डाग पिवळा झाला. लख्ख हळदीचा पिवळा.

मग सगळे उलगडले. नोटा लेकीच्या लग्नातल्या. हळदीच्या हातांनी घेतलेल्या, हळदीच्याच फडक्यात बांधलेल्या. पुढे ते फडके गेले म्हातारीच्या चंचीत, तंबाखू आणि चुन्याच्या डबीशेजारी. डबीचे झाकण सैल होते. हळदीला चुना भेटला आणि नोटा लाल झाल्या.

मी तिला तीनशे चाळीस रुपये दिले. माफी मात्र मागितली नाही. अधिकाऱ्याने खातेदाराची माफी मागण्याची पद्धत तेव्हा नव्हती, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. म्हातारीने नोटा घेतल्या आणि मोजण्यासाठी दफ्तरीच्या हातात दिल्या. मी समोरच उभा होतो.

त्या दिवसापासून मला डागांचा नाद लागला. बँकेतली नोकरी संपली तरी तो सुटलेला नाही. जुन्या नोटेवरचा विचित्र रंग दिसला की तो कुठून आला असेल, याचा शोध घेतल्याशिवाय चैन पडत नाही. आणि बहुतेक वेळा असे दिसते, की रंगामागे गुन्हा नसतो, तर एखादे स्वयंपाकघर असते, एखादी पेटी असते, एखादा पावसाळा असतो.

हळदीचे रसायन घरोघरी माहीत आहे, फक्त त्याला आपण रसायन म्हणत नाही. हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्याचा. आंबटाच्या संगतीत तो पिवळा राहतो, क्षाराच्या संगतीत लाल होतो. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. पारंपरिक कुंकू तरी दुसरे काय आहे? हळद आणि चुना यांचीच ती करणी. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावलेली नोट, देवीच्या ओटीतली नोट, लग्नातल्या आहेराची नोट, या सगळ्या पुढे कोणाच्या ना कोणाच्या चुन्याशेजारी जाणारच. आमच्या झाडीपट्टीत खर्रा खाणाऱ्यांचा खिसा कधी चुन्यावाचून नसतो. त्यामुळे हा लाल डाग इथे जितका दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल.

पण डाग का धरतो हे समजायचे तर नोट कशाची असते ते पाहिले पाहिजे. आपण 'कागदी चलन' म्हणतो खरे, पण नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाचा असतो. म्हणून तर खिशात विसरलेली नोट धुण्यातून सहीसलामत बाहेर येते आणि शेजारच्या बसच्या तिकिटाचा मात्र लगदा होतो. नाशिकच्या छापखान्यात 1928 पासून नोटा छापल्या जातात. त्यांचा कागद मात्र कितीतरी वर्षे परदेशातून येत असे. साठच्या दशकाच्या अखेरीस होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, कागदाची सरकारी गिरणी उभी राहिली तेव्हा तो देशात होऊ लागला. कापसाचा तंतू मजबूत खरा, पण त्याला पाणी, तेल आणि रंग यांची भारी ओढ. धोतराला जो डाग पडेल तो नोटेलाही पडणार, कारण दोघांचे कूळ एक.

सर्वांत सामान्य डाग तर आपण डाग म्हणून ओळखतच नाही. जुनी नोट पिवळट-करडी होते, तिला आपण 'मळलेली' म्हणतो. नेदरलँडच्या मध्यवर्ती बँकेतल्या संशोधकांनी या मळाचा मुद्दाम अभ्यास केला. धूळ आणि माती हे त्याचे मुख्य कारण नव्हे, असे त्यांना आढळले. माणसाच्या त्वचेतून सतत एक तेलकट द्रव पाझरतो. हजारो बोटांवरचे ते तेल कागदात मुरते आणि हवेतल्या प्राणवायूने हळूहळू पिवळे पडते, जसे जुने गोडेतेल खवट होताना पडते. म्हणजे नोटेवरचा पिवळेपणा हा तिने किती हात पाहिले याचाच हिशेब. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये प्लास्टिकची नोट काढली. त्यामागे बनावट नोटांची भीती होती, पण तेल न पिणारी नोट जास्त टिकते हा फायदाही पदरात पडला. आपल्याकडेही दहा रुपयांच्या प्लास्टिक नोटांची पाच शहरांत चाचणी घेण्याचे ठरले होते. त्यातून फारसे पुढे काही आले नाही आणि आपली नोट कापसाचीच राहिली.

दुसरा डाग टाचणीचा. माझ्या पिढीच्या बँकवाल्यांनी नोटांवर जे अत्याचार केले त्यांची कबुली दिलीच पाहिजे. शंभर नोटांची गड्डी झाली की तिला जाड पिन ठोकायची हा आमचा रिवाज. पिन लोखंडी, हवा दमट. पावसाळा संपेपर्यंत पिनेभोवती तांबूस कडे तयार होई. गंज नुसता रंगवून थांबत नाही. लोह आजूबाजूच्या तंतूंचा ऱ्हास वेगाने घडवून आणते, म्हणून गंजाच्या डागाभोवतीचा कागद कुरकुरीत होऊन गळून पडतो. पुढे रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोटांचे धोरण आणले आणि 2001 मध्ये पिना मारणे बंद करायला लावले. गड्डीला कागदी पट्टी आली. त्या बदलाला आमच्यातल्या अनेकांनी नाके मुरडली होती, मीही मुरडले होते. रबराचा कथाही अशीच. रबर कडक करताना त्यात गंधक मिसळतात. वर्षानुवर्षे नोटांना आवळून बसलेले रबर शेवटी वितळल्यासारखे चिकट होते आणि आपल्या मापाचा एक तपकिरी पट्टा मागे ठेवते.

तिसरा डाग खास आमच्या जंगलाचा. एकदा हिरड्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाने नोटांचे एक बंडल भरण्यासाठी आणले. त्याच्या कडा काळ्यानिळ्या झाल्या होत्या, जणू कोणी दौत लवंडली होती. तो शपथेवर सांगत होता की घरात शाईच नाही. तो खोटे बोलत नव्हता, फक्त त्याने शाई नकळत तयार केली होती. पैसे एका गंजक्या पत्र्याच्या पेटीत होते आणि त्याच पेटीत हिरड्याचे नमुने. हिरड्यात, तसेच ऐनाच्या सालीत, भरपूर टॅनिन असते. टॅनिन आणि लोह ओलाव्यात एकत्र आले की काळानिळा रंग होतो. आपल्या पूर्वजांनी हिरडा आणि हिराकस उकळून जी शाई केली, ती याच तत्त्वावर. ज्या रसायनाने पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यानेच त्या पेटीत नोटा रंगल्या. या वेळी मी कोणालाही बाकावर बसवले नाही. पेटी घेऊन या, एवढेच म्हणालो.

चौथा डाग बुरशीचा. ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. घरात तांदळाची कणगी असते, आणि पैसा लपवायला कणगीइतकी भरवशाची जागा नाही असे आमच्याकडच्या बायकांचे मत आहे. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद जागेतल्या कागदावर तपकिरी ठिपके उगवू लागतात. जुन्या पुस्तकांवर दिसतात तेच. काही बुरशीने होतात, काही कागदातल्या लोहाच्या सूक्ष्म कणांमुळे, पुष्कळदा दोन्ही मिळून. हे ठिपके पुसून जात नाहीत. पुसायला जावे तर पसरतात.

आणि एक डाग असा, की जो डोळ्यांना दिसतच नाही. नोटा तपासायचे अतिनील दिवे आमच्याकडे आले तेव्हा आम्हांला वाटले, आता माणसाच्या नजरेचे काम संपले. खरा नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंद, काळसर दिसतो. फक्त त्यात पेरलेले काही तंतू आणि क्रमांकाचा भाग चमकतो. साधा कागद मात्र निळापांढरा उजळतो, कारण तो पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात. एका शिक्षकांची शंभराची नोट दिव्याखाली ट्यूबलाइटसारखी पेटली. बनावट म्हणून तिच्यावर शिक्का मारायला हात उचललाच होता, तेवढ्यात मला लिंबू आठवले. मी विचारले, "सर, ही नोट धुण्यात गेली होती का?" ते ओशाळून म्हणाले, "पँटच्या खिशात राहिली होती." कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीतही तीच चमकदार द्रव्ये असतात. ती कापसाला चिकटतात, आणि नोट तर कापसाचीच. जलचिन्ह, धागा, उठावाची छपाई, सगळे खरे होते. खोटा होता तो एकटा दिवा. कोणत्याही एका परीक्षेवर माणसाला किंवा नोटेला नापास करू नये, हे मी तेव्हा दुसऱ्यांदा शिकलो.

धुण्यावरून रंग उडण्याची गोष्ट निघते. नोटेवर एकाहून अधिक प्रकारच्या छपाया असतात आणि त्यांच्या शायांचे स्वभाव वेगळे. उन्हाने एक रंग आधी मरतो, विरंजक पावडरीने दुसरा. अमेरिकन डॉलरवरची हिरवी मोहोर कधी कधी निळी झालेली आढळते, कारण हिरव्यातला पिवळा अंश आधी नाहीसा होतो. आपल्याकडेही 'रंग चुकलेली दुर्मिळ नोट' म्हणून भलत्या किमतीला नोटा विकणारे भेटतात. छापखान्यातून खरोखर चुकून निसटलेल्या नोटा असतात, पण त्या फार थोड्या. बाकीच्यांचा छापखाना एखाद्या मोरीत असतो. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये नव्या दोन हजारांच्या नोटेचा रंग जातो म्हणून ओरड झाली, तेव्हा अर्थ खात्याच्या सचिवांनी उलटच सांगितले होते: कापडाने घासल्यावर थोडा रंग जातो, आणि तो गेला नाही तर नोट खोटी समजावी. उठावाच्या शाईचा तो गुण आहे हे खरे, पण रंग जाणे हाच खरेपणाचा पुरावा, हे ऐकून ब्रह्मपुरीच्या बाजारात लोक बराच वेळ हसत होते.

ज्यांच्या घरी जुन्या नोटा आहेत त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. डाग काढायला जाऊ नका. साबण, लिंबू, इस्त्री यांपैकी काहीही नको. लिंबाचा थेंब दफ्तरीने टाकला तो निदानासाठी, उपचारासाठी नव्हे. आम्ल कागदाला शेवटी खातेच. चिकटपट्टी तर मुळीच लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन आत उतरतो. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटांतून आणि अल्बममधून आम्ल सुटते व नोट चिकट होते. कोरड्या जागी, आम्लरहित कागदात, उजेडापासून दूर ठेवा.

आणि चलनात असलेली नोट डागाळली तर घाबरू नका. होळीच्या रंगाने, हळदीने, तेलाने, शाईने भिजलेली नोट केवळ रंगामुळे बाद होत नाही. धुतलेली, आकसलेली, पुसट झालेली नोट 'सदोष' या सदरात येते आणि बँकेतून बदलून मिळते. फाटलेल्या नोटेसाठी 2009 चे नियम आहेत, 2018 मध्ये ते सुधारले गेले. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा 80 टक्क्यांहून अधिक असला तर पूर्ण किंमत, 40 ते 80 टक्के असला तर निम्मी. वीस रुपये आणि त्याखालच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा पुरतो. दिवसाला वीस नोटा व पाच हजार रुपयांपर्यंत त्यासाठी शुल्कही नसते. राजकीय घोषणा लिहिलेल्या नोटेवरचा दावा मात्र फेटाळला जातो. काउंटरमागचा तरुण भुवया उंचावेल, उंचावू द्या. त्याच्या जागी मी होतो, म्हणून सांगतो.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावे बुडाली, लाडजसारख्या गावांतून माणसांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. मी तेव्हा निवृत्त होऊन नागपुरात होतो आणि साथीमुळे घराबाहेर पडता येत नव्हते. प्रवास सुरू झाले तेव्हा जुन्या ओळखीपाळखी शोधत गेलो. भिंतींवर पुरुषभर उंचीवर गाळाची रेघ अजून होती. तो गाळही एक डागच, लोहाने तांबूस झालेला.

एका घरात माझी 'बँकेचे साहेब' अशी ओळख करून दिली गेली. घरातल्या सुनेने आतून एक डबा आणला. पूर ओसरल्यावर पडकी भिंत उतरवताना कोनाड्यातून तो निघाला होता. झाकण घट्ट होते, आत पाणी शिरले नव्हते. पिवळ्या फडक्यात पाचशेच्या सात नोटा. सासू 2016 च्या उन्हाळ्यात वारली, ठेवा कुठे आहे हे कोणालाच न सांगता. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. 30 डिसेंबरला बँकेत भरण्याची मुदत संपली.

मी त्या नोटा हातात घेतल्या. इतकी वर्षे नोटा हाताळल्या, पण इतक्या चांगल्या राखलेल्या क्वचितच पाहिल्या. ना गंज, ना बुरशी, ना घडीची चीर. कडेला हळदीची किंचित झाक, आणि जवळपास चुना नसल्यामुळे ती अजून पिवळीच होती.

"चालतील का जी, साहेब?" सुनेने विचारले.

त्या दिवशी बाकावर बसलेल्या म्हातारीच्या नोटा डागांनी भरलेल्या होत्या आणि प्रत्येक नोट पूर्ण किमतीची होती. ह्या निर्मळ होत्या आणि त्यांची किंमत शून्य होती. पहिल्या वेळी उत्तर माहीत नसताना मी चार तास घेतले होते. या वेळी उत्तर माहीत होते, आणि तरी ते तोंडातून निघायला वेळ लागला. मी नाही म्हणालो. पुढे एवढेच सांगितले, की अशा दहापर्यंत नोटा घरात ठेवायला कायद्याची हरकत नाही, तेव्हा पोलिसांची भीती बाळगू नका. आणि मग, कोणी विचारले नसताना, मी म्हणालो, "माफ करा."

ती का मागितली हे तिला कळले नसावे. तिने नोटा पुन्हा त्याच फडक्यात बांधल्या आणि देवघरात, सासूच्या फोटोमागे ठेवल्या. जाताना मी तिला म्हटले, जवळ कुंकवाचा करंडा ठेवू नका, नोटा लाल होतील.

"होऊ द्या ना जी," ती म्हणाली.